बर्फावरील मासेमारीच्या पूर्वतयारीविषयी मालवणास धाडलेले पत्र

मेपल ग्रोव्ह, मिनेसोटा
मार्गशीर्षातील दुसरा गुरुवार

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडे यांचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गोठलेल्या तलावाला भोक पाडून त्यातून गळ सोडण्याच्या उद्योगास बर्फावरील मासेमारी असे म्हणतात. ही व्याख्या वाचून मालवणच्या वाचकाचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे, कारण बर्फ आणि मासा यांचा संबंध मालवणात अगदी उलट्या बाजूने जुळलेला असतो: तेथे मासा आधी मरतो आणि मग बर्फात जातो, आणि कारखान्यातून आलेली लादी फोडून तिचा चुरा ज्या टोपलीत पसरला जातो त्या टोपलीतल्या सुरमईला त्या थंडीचे काहीही सुखदुःख उरलेले नसते. मिनेसोटात मासा बर्फाखाली धडधाकट हिंडत असतो, आणि नाकाचा शेंडा बधिर झालेला, डोळे एका भोकाला लावून लादीवर ठेवल्यासारखा बसलेला असतो तो माणूस. सदर कुटुंबाने यंदाच्या हिवाळ्यात या उद्योगात पडण्याचे ठरविले असून, त्यासाठी दिवाळीपासून जी तयारी चालली आहे तिची साधार हकिकत घरी कळविणे हा या पत्राचा हेतू आहे.

पत्राची भाषा यंदा अशी ग्रंथी का, याचा खुलासा येथेच केलेला बरा. वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आणि मागील पत्र त्यांनी लाल शाईने तपासून, त्यात प्रथमपुरुषी सर्वनाम एकतीस वेळा आल्याची नोंद समासात करून, खाली 'माहिती कमी, आत्मचरित्र जास्त' असा शेरा मारून त्याचे छायाचित्र परत पाठविले होते. मातोश्रींची हरकत भाषेविषयी नसून थेट विषयाविषयीच आहे, आणि 'पाण्यार उभो कसो रवतलंस?' अशा चार शब्दांत ती त्यांनी दूरध्वनीवरून नोंदविली आहे. पाण्यावरून चालणे ही योग्यांची सिद्धी असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या घराला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. मिनेसोटात ही सिद्धी हिवाळ्याचे तीनएक महिने सर्वांना सरसकट प्राप्त होते. तिच्यासाठी तापावे लागत नाही, गारठावे लागते, एवढाच साधनेतला फरक.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. आकाशातून पडणारा भुरभुरीत पदार्थ आणि पाणी जागच्या जागी गोठून झालेली टणक लादी या दोन्ही वस्तूंना मराठीत बर्फ हा एकच शब्द पुरतो, कारण कोकणात पहिली वस्तू पडत नाही आणि दुसरी विकत मिळते. तलावावर मात्र या दोघांचे हाडवैर असल्यामुळे पहिलीस या पत्रात हिम म्हटले आहे व दुसरीस बर्फ. हिम म्हणजे जाड गोधडी. ती तलावावर लवकर अंथरली गेली की खालच्या पाण्यातली ऊब बाहेर पडत नाही आणि बर्फाची वाढ खुंटते. त्यामुळे नोव्हेंबरात अंगण पांढरेशुभ्र झाले की भारतातून आलेले पाहुणे आनंदाने फोटो काढतात, आणि शेजारचे वृद्ध गृहस्थ, ज्यांना या कुटुंबाने या विद्येत गुरू केले आहे, खिडकीशी उभे राहून 'उफ् दा' म्हणतात. ('उफ् दा' हा नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांनी मागे ठेवलेला उद्गार असून 'अरे देवा'पासून 'कंबर धरली'पर्यंत कोणत्याही प्रसंगी तो चालतो. त्याच गृहस्थांच्या तोंडी स्तुतीची परमावधी 'वाईट नाही' या शब्दांत होते, आणि ती त्यांच्या तोंडून ऐकण्यास या कुटुंबाला पाच वर्षे लागली. निमित्त सुरळीच्या वड्यांचे होते.)

हंगाम केव्हा सुरू होतो, हा प्रश्न मालवणात सोपा आहे. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवल्या जातात, फाटकी जाळी सांधली जातात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो, आणि ही तिथी पंचांगात आधीच छापलेली असते. मिनेसोटाच्या मोटारींच्या क्रमांकपट्टीवर 'दहा हजार तलाव' असे लिहिलेले असते, व ते विनयाने लिहिलेले आहे, कारण दहा एकर वा त्याहून मोठ्या तलावांची मोजदाद ११,८४२ भरते. परंतु यांपैकी एकाही तलावाचे पंचांग कोणी छापलेले नाही. उत्तरेकडचे उथळ तलाव नोव्हेंबरच्या उत्तरार्धात धरतात, मिनियापोलिसच्या आसपासचे साधारण डिसेंबरात, आणि एखाद्या वर्षी उबदार वारे सुटले तर सगळेच रेंगाळतात. मुहूर्त ठरतो तो तिथीवर नव्हे, इंचांवर. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने, ज्याला येथे सर्वजण डीएनआर या आद्याक्षरांनी ओळखतात, त्यासाठी एक कोष्टक केले आहे: स्वच्छ नव्या बर्फाची जाडी चार इंच भरल्याशिवाय त्यावर पायी जाऊ नये, हिमावरची स्कूटर न्यायची तर पाच ते सात इंच हवेत, लहान मोटारीला नऊ ते दहा, मध्यम आकाराच्या पिकअप ट्रकला तेरा, आणि बर्फ दुधी, पांढरट असेल तर तो निम्म्याच ताकदीचा धरून प्रत्येक आकडा दुप्पट करावा. एवढे सांगून झाल्यावर, कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो असेही बजावून विभागाने आपली मान सोडवून घेतली आहे.

दुधी बर्फ कमकुवत का, याचे कारण असे की त्यात हवेचे बुडबुडे व अर्धवट वितळून पुन्हा गोठलेले हिम अडकलेले असते. उत्तम बर्फ काळा दिसतो. तो खरे तर पारदर्शक असतो आणि त्यातून खालचे अंधारे पाणी दिसते म्हणून त्याला काळा म्हणतात. गोरा तकलादू आणि काळा भरवशाचा, हा निष्कर्ष वधूवरांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी एकदा तरी विचारात घेण्याजोगा आहे.

तलाव वरून गोठतो पण खाली मासे जिवंत कसे राहतात, ही शंका धाकट्या चिरंजीवांनी (वय ८) उपस्थित केली, आणि तिचे निरसन कर्त्या पुरुषाने जेवणाच्या टेबलावर पुढीलप्रमाणे केले. बहुतेक द्रव थंड होतील तितके जड होत जातात, परंतु पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते व त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे शरद ऋतूत वरचे पाणी निवत निवत तळाशी बसते, सगळा तलाव चार अंशांवर आला की त्याहून थंड झालेले पाणी वरच तरंगते, आणि गोठते ते तेवढेच. गोठल्यावर तर ते आणखी हलके होते, इतके की चार इंची बर्फाला भोक पाडले असता त्यात पाणी जवळजवळ काठोकाठ चढते आणि वर फक्त सुमारे एक तृतीयांश इंच कोरडा राहतो. तात्पर्य, माणसाच्या अंगावर उणे वीस अंश आणि माशाच्या अंगावर अधिक चार. चोवीस अंशांच्या या फरकाचा विचार करून, मग भोकातून बाहेर यायला मासा तयार तरी का होईल, असा पुढचा प्रश्न चिरंजीवांनी केला, व त्यावर टेबलावरील भांडी उचलण्यात आली.

साधनांविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इंग्रजी नावे बाजूला सारली की त्यांतली निम्मी साधने मालवणच्या माजघरात व पडवीत सापडतात असे या कुटुंबाच्या लक्षात आले आहे. स्पड बार म्हणून दुकानात जी वस्तू मोठ्या ऐटीत टांगलेली असते ती पहार होय. माडाची आळी खणताना वापरतात तीच, फक्त टोक छिन्नीसारखे आणि मुठीला दोरीचा फास, म्हणजे हातातून सुटली तरी तळाशी जाऊ नये. काठावरून निघालेला माणूस प्रत्येक पावलापूर्वी पुढच्या जागी ती हाणतो; खणखणीत आवाज आला तर पाऊल टाकतो, आवाज बद्द आला तर थांबतो, आणि एकदोन घावांत पहार आरपार गेली तर पाय न उचलता, घसटत, आला त्याच वाटेने माघारी फिरतो. बाजारात नारळ कानाशी धरून वाजवून घेणाऱ्या मातोश्रींना ही परीक्षा कोणी शिकविण्याची गरज नाही.

ऑगर म्हणजे गिरमिट. सुताराचे गिरमिट लाकडात बोटभर भोक पाडते, हे बर्फात सहा ते दहा इंच व्यासाचे पाडते, आणि त्याचे पाते पिळाच्या जिन्यासारखे वर चढत गेलेले असते, ज्यामुळे कापलेला बर्फ आपोआप वर येतो. हाताने फिरवायच्या गिरमिटांत स्वीडनमधील मोरा गावाचे नाव मोठे आहे. आता मात्र विजेरीवर चालणारी गिरमिटे आली असून ती पापणी लवते न लवते तोच तळ गाठतात. कुटुंबाने सहा इंची, हाताने फिरवायचे गिरमिट घेतले. त्यामागे साधेपणाचे तत्त्वज्ञान असल्याचे कर्ता पुरुष पाहुण्यांना सांगतो; पावती गृहिणीजवळ आहे.

तिसरे साधन म्हणजे झारा, आणि येथे थोडे थांबावे लागेल. भोक पडल्यावर त्यात बर्फाचा कीस व पाणी यांचा लगदा तरंगत राहतो. तो काढला नाही तर दोरा त्यात गुरफटतो व भोक पुन्हा धरते. लगदा उपसण्यासाठी लांब दांड्याचा, सच्छिद्र, पसरट पळा दुकानात मिळतो, आणि तो पाहताक्षणीच हा तर घरचा झारा असे उद्गार काढून कर्त्या पुरुषाने तो विकत घेण्याचे नाकारले. मातोश्रींनी लग्नात दिलेला बुंदीचा झारा नोव्हेंबरअखेरच्या एका रात्री, सरावासाठी, अंगणात गोठवलेल्या पाण्याच्या पिंपापाशी नेण्यात आला. पहिल्या दोन खेपा निर्विघ्न पार पडल्या. तिसऱ्या खेपेस त्याच्या छिद्रांत अडकलेले पाणी हवेतल्या हवेत गोठले, छिद्रे एकामागून एक डोळे मिटावे तशी बंद झाली, आणि झाऱ्याची सपाट थाळी होऊन तो लगदा उपसण्याऐवजी ढकलू लागला. छिद्रे मोकळी करण्यासाठी तो पहारीच्या दांड्यावर दोनदा आपटला असता दुसऱ्या आपटीला रिवेट तुटली, दांडा हातात राहिला आणि झाऱ्याचे पान पिंपात जाऊन बसले, जेथे ते सकाळपर्यंत बर्फात पक्के झाले होते व काचेखाली मांडलेल्या वस्तुसंग्रहालयातील नमुन्यासारखे स्पष्ट दिसत होते. गृहिणीने ते पाहिले. त्यानंतरच्या तीन दिवसांत घरात झालेल्या संभाषणाचा गोषवारा देण्याजोगा नाही. दुकानातला पळा चौथ्या दिवशी घरी आला.

गळाची काठी येथे दोन-अडीच फुटांचीच असते, लाटण्याची थोरली बहीण म्हणावी इतकीच, कारण भोकाशी बसलेल्या माणसाला दूर फेकायचे काहीच नसते. कोकणात गरी टाकून बसण्याला गरवणे म्हणतात, आणि गरवणाऱ्याला जी चिकाटी लागते ती येथेही लागते. फरक असा की येथे आमिष स्वस्थ ठेवत नाहीत, काठीचे टोक मनगटाने हलके उचलून पाडत राहतात, ज्यायोगे खालच्या माशाला ते जिवंत भासावे. याला जिगिंग म्हणतात. उन्हाळ्यात माणशी एकच दोरा टाकता येतो, परंतु बर्फावर कायद्याने दोन दोऱ्यांची मुभा आहे. म्हणून दुसऱ्या भोकावर टिप-अप नावाची एक आडवी फळी ठेवतात, जिच्या चकरीवरचा दोरा माशाने ओढला की एक छोटा झेंडा ताडकन उभा राहतो. झेंडा उभा राहिला की आजूबाजूची मोठी माणसे ज्या वेगाने बर्फावरून धावत सुटतात तो वेग पाहून, या देशात लोकांना गुडघेदुखी असते यावर विश्वास बसत नाही.

आमिषाचा प्रश्न घरात अद्याप निकालात निघालेला नाही. लहान माशांसाठी येथे वॅक्सवर्म वापरतात. या मेणपतंगाच्या अळ्या होत. मधमाश्यांच्या पोळ्याची नासाडी करणारा हा कीटक मधुपालनवाल्यांचा शत्रू आणि गळवाल्यांचा मित्र आहे. भुशाने भरलेल्या, झाकणाला टाचणीने भोके पाडलेल्या पसरट डबीत त्या मिळतात, रंगाने सायीसारख्या, बोटाच्या पेराएवढ्या, आणि जुन्या तांदळात सापडणाऱ्या अळ्यांपेक्षा गलेलठ्ठ. त्यांना थंड जागा लागते. सदर कुटुंबात थंड जागा म्हणजे फ्रिज, आणि फ्रिजमध्ये त्या आठवड्यात चक्का टांगून झाल्यावर श्रीखंडासाठी ठेवलेली डबी त्याच आकाराची होती. पुढे काय घडले असेल अशी जी कल्पना वाचकाच्या मनात आली असेल ती घडली नाही. गृहिणीने डबी उघडताच झाकली, आणि तेव्हापासून फ्रिजच्या वरच्या तीन कप्प्यांना सोवळ्याचे नियम लागू झाले आहेत. अळ्या तळाच्या खणात, कोथिंबिरीच्या शेजारघरी, एका जुन्या चिवड्याच्या डब्यात बंदोबस्तात आहेत.

आडोशाच्या बाबतीत येथील गळवाल्यांचे दोन संप्रदाय पडतात, ज्यांना मठवासी आणि वारकरी म्हणता येईल. मठवासी तलावावर चाके लावलेले खोपटे ओढून नेतात, चाके उचलून ते बर्फावर बसवितात, आत शेगडी, बिछाने, दूरदर्शन संच आणि जमिनीलाच केलेली भोके अशी मांडणी करून मासा येईल तेव्हा येईल या श्रद्धेने पत्ते खेळत बसतात. वारकरी पंथाचे श्रेय मिनेसोटाच्याच डेव्ह गेन्झ यांना दिले जाते, ज्यांनी १९८० च्या सुमारास घसरगाडीवर बसविलेला, क्षणात उलगडणारा हलका तंबू तयार केला आणि मासा येत नसेल तर माणसाने माशाकडे जावे असा उपदेश केला. या पंथाच्या लोकांच्या हातात फ्लॅशर नावाचे ध्वनिलहरींवर चालणारे यंत्रही असते, ज्याच्या गोल तबकडीवर तळ, आमिष आणि मासा निरनिराळ्या रंगांच्या रेघांनी दिसतात. या यंत्रामुळे श्रद्धेची जागा माहितीने घेतली हे खरे. परंतु मासा आमिषापाशी येऊन, ते न्याहाळून, तोंड फिरवून गेला हेही आता डोळ्यांनी दिसू लागले, आणि पूर्वी न कळणारा अपमान कळू लागला. या दोन्ही पंथांच्या फार आधीपासून ओजिब्वे लोक याच तलावांवर, पांघरुणाखाली अंधार करून, लाकडाचा कोरलेला मासा भोकात नाचवत व भाला सरसावून पडून राहत. त्यांना खरेदीची यादी करावी लागत नसे, आणि एवढ्या एका कारणास्तव ती पद्धत सर्वांत शास्त्रशुद्ध मानावी असे या पत्राचे मत आहे.

कुटुंब वारकरी झाले आहे. यामागे सरकारी नियमही एक कारण आहे, तो असा की तलावावर मुक्कामी ठेवलेल्या खोपटाच्या बाहेर मालकाचे नाव व पत्ता, किंवा परवान्यावरचा क्रमांक, किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. कोकणी आडनावाला गावाचे शेपूट असतेच. त्यात वडिलांचे नाव आणि अमेरिकन पत्ता मिळवून दोन इंची अक्षरांत हिशेब केला असता खोपट्याची एक भिंत अपुरी पडते असे ज्येष्ठ कन्येने (वय १२) आलेख-कागदावर सिद्ध केले. परवान्याची गोष्ट त्याहून सुखद. मिनेसोटात नवराबायकोंना मिळून एक दाम्पत्य-परवाना मिळतो, आणि सोळा वर्षांखालील स्थानिक मुलांना परवाना लागतच नाही. म्हणजे सत्यनारायणाला बसावे तसे उभयतांनी जोडीने गळाला बसावे अशी शासनाची योजना आहे. परवान्याचे वर्ष मार्चपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते, आणि डिसेंबरात तो घेणाऱ्याचे नऊ महिने वाया जातात, हे वडिलांच्या लक्षात येण्याआधीच कबूल केलेले बरे.

पुढील परिच्छेद वडिलांनी मनातल्या मनात वाचावा व मातोश्रींना वाचून दाखवू नये. उत्तरेकडील अप्पर रेड लेक हा प्रचंड तलाव लवकर गोठतो म्हणून हंगामाच्या प्रारंभी तेथे गर्दी होते. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील बर्फाचा एक विस्तीर्ण तुकडा काठापासून सुटून वाऱ्याबरोबर निघाला तेव्हा त्यावर सुमारे २०० माणसे होती, आणि २९ डिसेंबर २०२३ रोजी तसेच घडले तेव्हा १२२. दोन्ही वेळा लोकांना काठावर परत आणण्यात आले. या कारणाने कुटुंबाने मोठ्या तलावाचे नाव काढलेले नाही; घराजवळचा, पलीकडचा काठ दिसणारा, प्रवाह किंवा झरा नसलेला तलाव शेजारच्या गृहस्थांनी निवडून दिला आहे. शिवाय प्रत्येकाच्या गळ्यात दोरीत ओवलेल्या दोन मुठी असतात, ज्यांच्या टोकांना खिळे बसविलेले असतात. माणूस पाण्यात पडलाच तर त्याने आल्या दिशेकडे तोंड करावे, कारण तिकडचा बर्फ निदान तेथवर तोलला होता, खिळे बर्फात रोवून पाय झाडत अंग वर ओढावे, आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावे. या मुठी मंगळसूत्राच्या वाट्यांसारख्या छातीवर लोंबतात आणि त्या कर्त्या पुरुषालाही घालाव्या लागतात. तंबूत शेगडी लावली तर झरोका उघडा ठेवून कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी घंटीही टांगायची असते, व ती आणलेली आहे.

कपड्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सुती कपडा घाम धरून ठेवतो म्हणून तो वर्ज्य, आत लोकर, मध्ये फुगीर थर, वर वारा अडवणारे कवच. सर्व चढविल्यावर धाकटे चिरंजीव दारातून आडवे होऊन बाहेर पडतात. टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सियस, अशी नोंद झालेली असली तरी तो अपवाद होता, आणि त्या दिवशी कोणाला मासा मिळाला का, हे शेजारचे गृहस्थ आठवून सांगणार आहेत.

आता मार्गशीर्षाकडे वळणे क्रमप्राप्त आहे, कारण खरी अडचण बर्फात नसून पंचांगात आहे. हंगामाचा पहिला, सर्वांत चांगला पंधरवडा नेमका मार्गशीर्षात पडतो. मातोश्री हा महिना पूर्ण पाळतात, सूनबाई गुरुवार पाळते, आणि कर्ता पुरुष काहीच पाळत नाही, मात्र आजवर त्याने काही पकडलेलेही नसल्यामुळे त्याच्या व्रतभंगाचा प्रश्न उद्भवलेला नाही. गृहिणीने तोडगा असा काढला आहे की गुरुवारी गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा. येथील गळवाले असे सोडणे एरवीही करतात, त्यामुळे शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो निसर्गप्रेमाचा आविष्कार ठरेल. इतर दिवशीच्या माशाचे काय करायचे हे मात्र पक्के आहे. वॉलाय हा १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमत्स्य होय. पर्चच्या कुळातला, अंगाने सोनेरी-हिरवट, आणि अंधारात मांजरासारखे डोळे चमकणारा, ज्यामुळे तो संधिप्रकाशात शिकार करतो व माणसाला ऐन थंडीच्या वेळी बाहेर बसवितो. त्याचे मांस पांढरे, सौम्य; येथील लोक त्याला पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात, आणि या कुटुंबात तो तिखट, हळद, सोलांचे आगळ लावून रव्यात घोळला जाईल. तिरफळे संपली आहेत.

बर्बट नावाचा दुसरा एक मासा आहे, ज्याला येथे ईलपाउट म्हणतात. कॉड माशाच्या कुळातला हा एकटाच गोड्या पाण्यात राहतो, भर हिवाळ्यात बर्फाखाली अंडी घालतो, आणि बाहेर काढला की पकडणाऱ्याच्या मनगटाला शेपटीचा विळखा घालतो. रूप पाहून लोक त्याला फेकून देत. चव कळल्यावर त्याला गरिबांचा शेवंड म्हणू लागले, आणि वॉकर या गावी १९७९ पासून त्याच्या नावाने जत्रा भरू लागली. बोंबलाला ज्यांनी कधी रूपावरून जोखले नाही त्या मालवणी घरात त्याचे स्वागतच होईल. ब्रेनर्ड गावच्या गल तलावावर तर जानेवारीत हजारो माणसे एकाच वेळी भोकांशी बसून स्पर्धा करतात, आणि ज्या खाडीत ती भरते तिला एका ओजिब्वे प्रमुखाच्या नावावरून 'दिवसातले भोक' अशा अर्थाचे नाव आहे, हे भाषांतर वडिलांनी तपासून घ्यावे.

तयारीची सद्यःस्थिती अशी. गिरमिटाला धार आहे, परवाना कुटुंबाच्या नावे आला आहे, तंबू दिवाणखान्यात तीनदा उभारून दोनदा नीट घडी करता आला आहे. ज्येष्ठ कन्या बर्फाची वही ठेवते. रोजचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या जितके अंश फॅरनहाइट खाली असेल त्यांची बेरीज पंधरा झाली की साधारण एक इंच बर्फ वाढतो, असा ठोकताळा तिला शेजारच्या गृहस्थांनी दिला असून, ते स्वतः पहार घेऊन काठाशी जे मोजून येतात त्याच्याशी ती आपला हिशेब ताडून पाहते. रविवारी दोन इंच होता, मंगळवारी पावणेतीन. काल रात्री हवा निरभ्र होती आणि तलाव मोठ्याने वाजत होता. बर्फ आकुंचन-प्रसरण पावताना त्याला तडे जातात व तो आवाज लादीतून धावत जातो, कधी ढोलकीवर थाप पडावी तसा, कधी तार ताणून सोडावी तसा. घाबरलेल्या गृहिणीस शेजारच्या गृहस्थांनी बर्फ वाढतो आहे म्हणून ओरडतो आहे असे सांगितले, आणि मुलांना उद्देशून तिने तेच वाक्य आज सकाळी दूध पिताना वापरले. आज दुपारचे माप साडेतीन इंच आहे. उद्या सरासरी चोवीस अंश राहिले तर उरलेला अर्धा इंच भरेल, असे वहीत पेन्सिलीने लिहिलेले आहे. आकाशात मात्र ढग आले असून हिम पडण्याचा अंदाज आहे, आणि शेजारच्या खिडकीतून 'उफ् दा' ऐकू आले आहे.

तेव्हा तूर्त कोणीही पाण्यावर उभे राहिलेले नाही, हे मातोश्रींना अवश्य वाचून दाखवावे. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. (सुनेच्या हातचा) : जानेवारीत मालवणकडून येणाऱ्या मंडळींबरोबर पावशेर तिरफळे, सोले आणि दोन झारे पाठवावेत. एक बुंदीचा, पूर्वी दिला होता तसाच. तो स्वयंपाकघरात कुलपात राहील. दुसरा कोणताही चालेल, दांडा लांब असावा व भोके मोठी असावीत, आणि तो कशासाठी हवा आहे हे बाजारात भांडीवाल्याने विचारले तर लग्नघर आहे असे सांगावे.